बिळातली अंडी माझी होती

ती अंडी माझी होती. किती जीव तोडून सांगितलं, पण कुणाला खरं वाटलं नाही. मी धामण बोलतेय, विट्याजवळच्या हंबीररावांच्या भुईमुगाच्या बांधावरची.

तसंही माझं कधी कुणी ऐकलंय? धामण म्हशीचे पाय बांधून दूध पिते म्हणे! माझं तोंड बघा, म्हशीचा सड बघा, मग बोला. जन्म गेला उंदीर खाण्यात. तुमच्या शेंगा वाचल्या त्या माझ्यामुळं.

हंबीररावांचं कलकत्त्याला सोनं गाळायचं दुकान. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात तिकडनं येताना त्यांनी परदेशी अजगर आणला. काचेच्या पेटीत ठेवला. पाहुणे आले की गळ्यात घालून मिरवायचे.

पुढं पंचमी आली. त्यांच्या बायकोनं, लीलाबाईनं, पेटीचं झाकण काढून हळदकुंकू, लाह्या, दूध वाहिलं. घरात नागोबा असताना वारुळाला कशाला जायचं, असं तिला वाटलं. ताट ठेवायला ती वळली, तेवढ्यात अजगर मागच्या दारानं रानात. आणि शिरला कुठं? माझ्या बिळात. आत माझी अकरा अंडी!

मागोमाग हंबीरराव धावत आले. "नाथाजी, कुदळ आण!"

त्यांचा गडी जागचा हलला नाही. "मालक, आज पंचिम हाय. भुईला कुदळ लावायची न्हाई."

"आरं, कलकत्त्यास्नं आणलाय त्यो!"

"मग कलकत्त्याचाच गडी बोलवा. मी न्हाई खणणार."

मी गवतात पडून होते. जीभ काढून हुंगत होते. माझ्या अंड्यांच्या वासावर त्याचा परका वास बसला होता. दुसऱ्या दिवशी उजाडताना तो निघून गेला. मी बिळाकडं सरकले, तोवर पावलं आली.

कुदळ पडली. अजगर नव्हता. अंडी सापडली.

"इलायती अंडी!" नाथाजी ओरडला. "मालक, ही फुटली तर समदं रान खाऊन टाकत्याल."

"आवं, ती धामणीची असत्याल," लीलाबाई म्हणाली. "ह्या बांधाला धामण हाय. मी बघितलीया."

"तू गप. पूजा केलीस तेवढी बास झाली," हंबीरराव म्हणाले, आणि त्यांनी रॉकेल ओतलं.

त्या अजगरानं माझे उंदीर खाल्ले, बांधावरचे ससे खाल्ले, तित्तराची पिलं खाल्ली. एकटा होता म्हणून निभावलं. जोडी असती तर हे सांगायला मी उरले नसते. पण खोटं का बोलू, कीव यायची त्याची. दगडावर पडून तोही सारखी जीभ काढायचा. त्याच्या जातीचा वास ह्या माळावर कुठनं येणार? थंडीत तुरीत ताठलेला सापडला.

त्यानंतर दोनदा अंडी घातली मी, दुसरीकडं. पिलंही झाली. तरी त्या बांधावरनं जाताना थांबतेच. मातीला अजून रॉकेलचा वास येतो. मी त्याच्या खालचा वास शोधत राहते.

बाबांनो, हौसच असली तर कुत्रं पाळा. ज्याचं रान इथं नाही, त्याला आणू नका.

ससे दिसत नाहीत म्हणून आता गाव हळहळतं. पेटी कुणी आणली, रॉकेल कुणी ओतलं, हे कुणी काढत नाही. झाकण कुणी उघडं टाकलं, एवढंच विचारतात. आणि नाव घेतात: लीलाबाई.