मंगळवारची सही

दर मंगळवारी मला पुण्याला जावं लागतं, संशोधन शिकायला. लोणावळ्यातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मी बारा वर्षं समुपदेशक आहे. सोमवारी चाळीस माणसं बघायची, नवऱ्यांच्या थापा आणि बायकांची रडगाणी ऐकायची, आणि मंगळवारी राजेश्वरी मॅडमसमोर बसून प्रश्न कसा विचारावा हे शिकायचं. नुसता वैताग!

परवाच्या मंगळवारी त्यांनी गृहपाठ दिला. उपचार अर्धवट सोडणाऱ्यांची कारणं शोधा.

"त्यात शोधायचं काय? इच्छा नसते त्यांना," मी म्हटलं.

"हे त्यांनी सांगितलं, की तुम्ही लिहिलंत?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी रागारागाने फाइली काढल्या. सलग तीन सोमवार चुकले की नाव कमी, हा नियम माझाच. सहा महिन्यांत एकोणीस नावं गेलेली, आणि प्रत्येक ठिकाणी माझ्याच अक्षरात 'इच्छा नाही'. सगळ्यात वर कैलासची फाइल. हा मळवलीतल्या एका बंगल्याचा केअरटेकर. दोन महिने दारूच्या थेंबाला शिवला नव्हता, मग यायचाच बंद झाला. मागच्या आठवड्यात त्याची बायको नंदाबाई माझ्या हातापाया पडली होती.

"बाई, ह्यांचं नाव कापू नका. येत्यात वो ते."

"कुठे येतात? मला तर दिसत नाहीत," असं म्हणून मी नाव कापलं होतं.

आता पत्ते बघितले, तर एकोणिसांतले चौदा जण बंगल्यांवरचे. शनिवार-रविवारचे पाहुणे गेले की सोमवारी चादरी, भांडी, पोहण्याचा तलाव, सगळं धुवायचं. मालक सोडेल कशाला? बारा वर्षांत हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही. आता स्वतःचाच संताप यायला लागला.

फाटकावरच्या जानूभाऊंकडून येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही मागवली. तिच्यात कैलासची सही होती. तीन मंगळवार, ओळीने.

"जानूभाऊ, हे आले होते?"

"व्हय की. बाई पुण्याला गेल्यात म्हनलं, तरी तासभर बसायचा हितं बाकावर."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं कुटं?"

मी नंदाबाईंना फोन लावला.

"नाव कापलं त्या दिशीच पुन्हा पिऊन आले, बाई. आजबी पडल्यात."

"मी येते मळवलीला. आत्ता निघते."

"आत्ता येऊन काय करताय? सुद न्हाई त्यांना. मंगळवारी सुट्टी आसती. पर मंगळवारी तुमी आसता का?"

"असेन," एवढंच बोलले.

कैलासच्या फाइलीतलं 'इच्छा नाही' खोडून खाली लिहिलं : समुपदेशक सलग तीन मंगळवार गैरहजर.