दोन्हीकडे फिरणारी रिंग

मित्रांनो, मी एक जुने घड्याळ आहे, असे मला पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटते. खरे सांगायचे तर मला जन्माला येऊन जेमतेम तीन वर्षे झाली आहेत. माझे जुनेपण मला कारखान्यात चढवले गेले. पूर्वीचे पाणबुडे जशी घड्याळे बांधून समुद्रात उतरत, तसे दिसावे म्हणून माझ्या तबकडीवरच्या ठिपक्यांना मुद्दाम पिवळट रंग दिला. नव्या कोऱ्या काचेला जुन्या काचेसारखा फुगवटा दिला. आणि काचेभोवती एक काळी रिंग बसवली. पाण्यात उतरताना या रिंगेवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. मग खाली किती मिनिटे गेली, ते नुसत्या नजरेने कळते. पाणबुड्याची हवा मोजूनमापून असते, म्हणून त्याचा सगळा भरवसा या रिंगेवर असतो.

माझी जुळणी करणाऱ्या बाईंनी ती रिंग अंगठ्याने फिरवून पाहिली. ती उजवीकडे फिरली, तशीच डावीकडेही फिरली.

"साहेब, ही फार सैल आहे हो. आणि दोन्हीकडे फिरते. आत एकाच बाजूला फिरू देणारे दाते नाही बसवायचे? खूण पुढे सरकली तर वेळ कमी दिसेल." त्यांनी विचारले.

"जुन्या घड्याळाला दाते नव्हते," साहेब म्हणाले. "हुबेहूब पाहिजे. लोक त्याचेच तर पैसे देतात."

बाईंनी मान हलवली आणि माझ्या पाठीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवला. मला मात्र त्या दिवशी आपण फार देखणे आहोत एवढेच कळले.

मी विकण्यासाठी नव्हतो. मी नमुन्याचे घड्याळ होतो. घड्याळांची परीक्षणे लिहिणारे लोक असतात. त्यांच्याकडे मला पंधरा-पंधरा दिवस पाठवत. ते मला पेटीतून काढत, फोटो घेत, वजन करत, कौतुक करत आणि पुन्हा पेटीत घालत. मित्रांनो, माझी स्प्रिंग हाताच्या हालचालीने गुंडाळली जाते. हात नसेल तर दोन दिवसांत माझे काटे थांबतात. त्या पेटीत माझ्या मापाचा खड्डा कापलेला स्पंज होता. झाकण बंद झाले की चहूबाजूंनी तो स्पंज मला आवळून धरी. अंधारात माझी टिकटिक हळू होत जाई आणि मग काहीच ऐकू येत नसे. दीड वर्षात मी किती वेळा असा थांबलो, याची गणती नाही. माझ्या पाठीवर लिहिले होते, 'दोनशे मीटर', म्हणजे एवढ्या खोल पाण्यातही चालेल. पाणी मात्र मी थेंबभरही पाहिले नव्हते.

शेवटी मी एका चष्मेवाल्या परीक्षकाकडे गेलो. त्याचे लेख पुष्कळ लोक वाचत. त्याने माझ्यावर पाण्याचे थेंब उडवले, तेही कुंडीतल्या झाडांवर मारायच्या फवाऱ्याने! मागे निळा पुठ्ठा धरून त्याने फोटो काढला. फोटोत मी थेट समुद्रातून वर आल्यासारखा दिसत होतो. मग तो लिहायला बसला. लिहिता लिहिता मोठ्याने वाचायची त्याला सवय होती, म्हणून मला सगळे ऐकू येई.

पण त्याचे मन त्याला खात असावे. रविवारी त्याची मोठी बहीण आली, तेव्हा त्याने मला तिच्यापुढे धरले. ताई बंदरात पाणबुड्याचे काम करत असे. बोटींच्या पंख्यात अडकलेली जाळी कापणे, बुडालेले साखळदंड शोधणे, असे तिचे काम.

"ताई, उद्या एकदाच हे बांधून उतर ना. म्हणजे मला लिहिता येईल की खऱ्या पाण्यात वापरून पाहिलं."

"माझं घड्याळ बरं आहे की."

"अगं, ते रबरी धूड! हे बघ कसं दिसतंय."

"दिसायला काय, खाली काळोखच असतो, छोट्या," ती हसली. तरी तिने मला बांधले. धाकट्या भावाचा शब्द तिच्याने मोडवत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धक्क्यावर गेलो. एका मासेमारी बोटीच्या पंख्यात जुने जाळे गुरफटले होते. ताईच्या पाठीवर हवेचा सिलिंडर होता आणि कमरेला दोरी. दोरीचे दुसरे टोक काकांच्या हातात होते. हे काका कोणाचेच सख्खे काका नव्हते. तीस वर्षे पाणबुड्यांच्या दोऱ्या धरून धरून ते सगळ्यांचे काका झाले होते. त्यांच्या गळ्यात प्लॅस्टिकचे एक स्टॉपवॉच लोंबत असे. दोरीला दोन झटके म्हणजे 'वर ये'. खालून एक झटका म्हणजे 'सगळे ठीक, अजून वेळ आहे'. चार झटके म्हणजे 'मदत पाठवा'. काकांच्या शेजारी ताईचा जोडीदार सिलिंडर बांधून तयार बसला होता.

"हवा चाळीस मिनिटांची आहे. पस्तिसाव्या मिनिटाला वर," काका म्हणाले.

"पस्तीस," ताई म्हणाली. तिने माझी खूण मिनिटकाट्यासमोर आणली आणि आम्ही उतरलो.

मित्रांनो, पाणी पाहून मला काय आनंद झाला, ते कसे सांगू! ते गढूळ हिरवे होते, थंडगार होते, पण खरे होते. ताई सुरीने जाळ्याचे धागे कापत होती. कापता कापता तिचे मनगट पंख्याच्या पात्यावर घासले. माझी रिंग दहा मिनिटे पुढे सरकली, म्हणजे गेलेला वेळ दहा मिनिटे कमी दिसू लागला. ताईला ते समजलेच नाही. मला समजले, पण मला तोंड कुठे होते?

तेवढ्यात वरून एक लाट गेली. बोट हलली, जाळे ताणले गेले आणि ताईचा उजवा हात कोपरापर्यंत त्यात आवळला गेला. तिच्या छातीशी लटकणारा हवेचा मापक जाळ्याच्या गुंत्यात मागे ओढला गेला. तिने ओढून पाहिले. हात सुटेना. मग तिने डावे मनगट डोळ्यांपुढे आणले आणि माझ्याकडे पाहिले.

सत्तावीस मिनिटे झाली होती. मी सतरा दाखवत होतो.

तिचा चेहरा शांत झाला. तो शांतपणा मी जन्मात विसरणार नाही. अजून पुष्कळ वेळ आहे, असे तिला वाटले. मदत मागायची तिला गरज वाटली नाही. तिने सुरी डाव्या हातात घेतली आणि एकेक धागा सावकाश कापू लागली. माझे काटे बरोबर होते, मित्रांनो. कितीला उतरलो ते तिने आठवले असते, तर उलगडा झाला असता. पण आठवावे लागू नये म्हणूनच तर रिंग असते! पेटीत मी कितीदा कोंडलो होतो, पण त्या आठ मिनिटांसारखा कोंडमारा कधी झाला नव्हता. तिचा हात जाळ्यात होता आणि मी माझ्याच खोट्यात.

दोरीला दोन झटके बसले. ताईने माझ्याकडे पाहिले. पंचवीस. तिने एक झटका दिला, 'सगळे ठीक'. थोड्या वेळाने पुन्हा दोन झटके आले, जोरात. तिने पुन्हा एकच दिला.

मग तिने श्वास घेतला आणि तो अर्ध्यातच अडला. हवा येईना. तिने माझ्याकडे डोळे फाडून पाहिले. सुरी हातातून निसटली. ती दोरी शोधू लागली, पण दोरी कुठल्या बाजूला होती तेच तिला उमगेना.

तेवढ्यात जोडीदाराचा हात गढूळ पाण्यातून पुढे आला. त्याने स्वतःच्या सिलिंडरची दुसरी नळी तिच्या तोंडात दिली आणि उरलेले धागे कापून तिचा हात सोडवला.

वर आल्यावर ताई बराच वेळ धक्क्यावर पाय पसरून खोकत होती. भाऊ फोटो काढायला आला होता. त्याचा कॅमेरा गळ्यातच राहिला.

"दोनदा बोलावलं, दोनदा ठीक म्हणालीस!" काका दोरी गुंडाळता गुंडाळता ओरडले. "मी म्हटलं, हिला काय म्हणायचंय ते म्हणू दे. माझं यंत्र वर ये म्हणतंय. दिला याला ढकलून."

"याच्यात पंचवीसच झाली होती, काका." ताईने मला सोडून काकांच्या हातात दिले. काकांनी अंगठ्याने माझी रिंग इकडे फिरवली, तिकडे फिरवली. त्यांनी मला भावापुढे धरले.

"रिंगेबद्दल काय लिहिलंयस तू?" ताईने विचारले.

"ताई, जाऊ दे ना ते."

"वाच."

त्याने खिशातून फोन काढला. "रिंग दोन्ही बाजूंनी लोण्यासारखी फिरते. जुन्या काळाची खरी चव इथेच आहे."

"चव," ताई म्हणाली. भाऊ तिच्या ओल्या पायांशी बसून रडू लागला.

त्याने सगळा लेख पुसून नवा लिहिला. छापण्याआधी तो कंपनीला पाठवला, तर पत्र आले, की रिंगेचा उल्लेख गाळा आणि घड्याळ आमची भेट म्हणून ठेवून घ्या. दोन दिवस तो मला तळहातावर घेऊन बसे. मी त्याला खरोखर आवडत होतो. तिसऱ्या दिवशी त्याने लेख जसाच्या तसा छापला. पहिलेच वाक्य होते, 'हे घड्याळ बांधून माझी बहीण मरता मरता वाचली, आणि तिला ते बांधायला मी लावले.' त्यानंतर त्या कंपनीने त्याच्याकडे एकही घड्याळ पाठवले नाही. मलाही परत मागितले नाही. पुढच्या घड्याळांना दाते बसवले की नाही, हे मला ठाऊक नाही.

आता मी धक्क्याजवळच्या पत्र्याच्या खोलीत एका खिळ्यावर असतो. बहुतेक वेळ थांबलेलाच. नवा कोणी हे काम शिकायला आला, की ताई मला काढून त्याच्या हातात देते. "फिरव," म्हणते. तो रिंग फिरवतो. "वा, काय छान फिरते!" म्हणतो. मग ताई त्याला समोर बसवते आणि सगळे सांगते. दर वेळी मला ते ऐकावे लागते. जाणार कुठे?

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. ज्या वस्तूवर कोणाचा जीव टांगलेला असेल, तिची नुसती शोभा पाहू नका. ती उलटसुलट करून तपासा. मला अधूनमधून हलवून जागे करा, माझी काच पुसा, खाऱ्या वाऱ्याने मला गंजू देऊ नका. पण कोणी माझ्या रूपाला भुलून मला मनगटावर बांधले आणि धक्क्याच्या पायऱ्या उतरू लागला, तर कृपा करून त्याचा हात धरा.