चौरंगाच्या पोटाखालचा शिक्का

मी एक जुना लाकडी चौरंग आहे. मित्रांनो, खरे सांगायचे तर मी जन्माने चौरंग नाहीच. मी होतो पायाखाली घ्यायचे एक बुटके स्टूल, आणि ते पाय होते रशियातल्या एका मोठ्या पुढाऱ्याचे.

माझ्या साहेबांचे नाव अर्काडी बुरेलोमोव. उंची बेताची, आवाज मात्र तोफेसारखा. "परदेशी माल हाकला!" या एका वाक्यावर ते आधी नगरपालिकेत गेले आणि मग थेट मॉस्कोच्या संसदेत. परदेशी चीज, परदेशी पायजमे, परदेशी जातीची कुत्री, त्यांना कशाकशाचा राग येईल सांगता यायचे नाही. सभेत माइकच्या मेजामागे मी असायचो आणि माझ्यावर साहेब उभे. लोक म्हणायचे, काय धिप्पाड माणूस आहे! प्रत्येक वेळी "रशिया" म्हणताना ते टाच आपटायचे, आणि दुसरा शब्द ते फारसा वापरत नसत.

माझ्या पोटाखाली एक शिक्का आहे: 'फिनलंडमध्ये बनवलेले'. एकदा तो साहेबांना दिसला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या दिवसापासून मला उलटे करायला सक्त मनाई झाली. पुढे टाचा सोसून माझ्या एका पायाचा स्क्रू ढिला झाला आणि मी कुरकुरू लागलो. सेक्रेटरी भीत भीत म्हणाला, "साहेब, उलटे करून बघू का?" साहेब गरजले, "खाली गालिचा घाल!"

तीन वर्षे मी गालिच्यावर कुरकुरलो. मग निवडणुकीच्या मोठ्या सभेत, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर, साहेब म्हणाले, "रशिया कधीच झुकणार..." आणि माझा पाय सटकला. "नाही" हा शब्द मेजाखालून आला. सगळे मैदान खो खो हसले. साहेब निवडणूक हरले आणि गावी जाऊन काकड्या लावू लागले. खापर माझ्यावर फुटले. मला फार वाईट वाटले, कारण मी बिचारा ओरडून ओरडून सांगत होतो.

साहेबांची भाची बँकेच्या नोकरीसाठी सिंगापूरला आली. वरच्या फळीवरचे डबे काढायला तिने मला सोबत आणले. पाय तिने मला न उलटवताच तेवढ्यापुरता ठोकून बसवला होता. परत जाताना तिने मला बिशान भागातल्या आपल्या इमारतीत लिफ्टपाशी ठेवले, वर चिठ्ठी: 'हवे त्याने न्यावे'. दोन दिवस मला कुणी विचारले नाही. तिसऱ्या दिवशी, त्याच इमारतीत राहणारी आणि पाया लेबार भागातल्या ऑफिसातून परतणारी ऋचा थबकली. "अगंबाई, चौरंग!" म्हणत तिने मला काखोटीला मारले.

गणेश चतुर्थी चार दिवसांवर होती. ऋचाने पेणची शाडूची मूर्ती विमानात मांडीवर घेऊन आणली होती. चतुर्थीच्या सकाळी मला पुसून, लाल वस्त्र घालून मांडले. मूर्ती ठेवून बघितली मात्र, मी कुरकुरलो.

ऋचाची आठ वर्षांची मुलगी अनुया, तिथल्या पोरांसारखे वाक्याला 'lah' जोडत, म्हणाली, "आई, it's making noise lah."

"लोक अकराला येतील गं! खाली एक जाड कापड सरकव."

पुन्हा कापडच! मित्रांनो, एकदा प्राणप्रतिष्ठा झाली की विसर्जनापर्यंत मूर्ती हलवत नाहीत. म्हणजे स्क्रू आवळायचा तर आत्ताच. नाहीतर आरतीच्या ऐन रंगात काय होणार, ते माझ्याइतके कुणाला ठाऊक होते?

अनुया मात्र जागची हलेना. "आजोबा, you listen!"

निशिकांत आजोबांनी श्रवणयंत्र नीट बसवले आणि माझ्यावर कान ठेवला. "ऋचा, पोरगी बरोबर बोलतेय. मूर्ती उचल."

आणि त्यांनी मला उलटे केले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी न भिता माझे पोट बघितले.

"Made in Finland!" अनुया ओरडली. मी शरमेने अर्धा झालो. आता आपली रवानगी पुन्हा लिफ्टपाशी, असेच वाटले.

आजोबा स्क्रू आवळत हसले. "असू दे की. आपल्या घरात इथला कोण आहे? गणपती पेणचा, मी साताऱ्याचा."

"मी इथली," अनुया म्हणाली.

"मग तूच सांग, ठेवायचा का याला?"

"Of course lah!"

अकराला घर भरले. पन्नास माणसांनी टाळ्या पिटून आरती म्हटली. मी हूं की चूं केले नाही.

मित्रांनो, घरात एखादी वस्तू कुरकुरली तर तिच्याखाली कापड सरकवू नका. उलटी करून बघा. पोटाखाली कुठलाही शिक्का निघो, काही बिघडत नाही, बिघडतो तो न आवळलेला स्क्रू.

सण झाल्यापासून माझा मुक्काम कपाटामागे आहे. ज्या माझ्यावर एका मोठ्या माणसाचे बूट नाचले, त्या मला आता तिथे चेंडू शोधताना चुकून पाय लागला, तर अनुया चटकन वाकून नमस्कार करते. मला हसू येते आणि भरूनही येते. पण मी अगदी गप्प राहतो. जरा कुरकुरलो, तर ती आजोबांना घेऊन धावत येईल.