अकराव्या खोलीतला कोंडिबा

मी एक जुना खेळ आहे. हातात मावणारा, दोन सेलवर चालणारा. वय विचाराल तर जेमतेम तीन वर्षं. पण मित्रांनो, माझ्यासारख्याला एवढ्यात म्हातारपण येतं. माझे सेल संपत आले आहेत, म्हणून जरा घाईने सांगतो.

आत्मवृत्तात आधी जन्म सांगायचा असतो. मला तो आठवत नाही. कारखाना आठवत नाही, बोट आठवत नाही, ज्या मामाने मला आणलं त्याचा चेहराही आठवत नाही. माझ्या गोष्टीचा पहिला अर्धा भाग मी लोकांच्या तोंडून ऐकला आहे. तसं का झालं, ते पुढे येईल. तोवर ऐकीव ते ऐकीव म्हणूनच सांगतो.

ऐकीव.

जयपूरच्या दुर्गापुऱ्यात रेल्वेचे क्वार्टर आहेत. तिथे जनार्दन नावाचे केबिनमन राहत होते. नंदुरबारहून बदली होऊन आलेले. घरात बायको गिरिजा आणि अकरा वर्षांची मुलगी विभा. गिरिजाचा भाऊ शामराव जहाजावर नोकरीला होता. त्याने सुट्टीत भाचीसाठी मला आणलं.

माझ्या पोटात सोळा खोल्या आहेत. प्रत्येक खोलीत एक किल्ली, एक दार, शिड्या, फळ्या आणि एक लाकडी पेटी. एक इवलासा काळा माणूस या फळीवरून त्या फळीवर उड्या मारत किल्ली घेतो आणि दारापर्यंत पोचतो. पेटी त्याला ढकलता येते, ओढता येत नाही. सगळी गंमत आणि सगळं दुःख या एका नियमात आहे.

विभा तिसऱ्या खोलीत अडकायची. एकदा तिचे वडील ड्यूटीवरून आले आणि तिच्या खांद्यावरून बघायला लागले.

"हा शिकलेला दिसत नाही," ते म्हणाले. "किल्ली समोर आहे आणि हा शिडी चढतोय."

"मग तुम्ही करून दाखवा, आप्पा."

त्यांनी करून दाखवलं. सिग्नलच्या केबिनमध्ये त्यांचं कामच ते होतं. तिथे ओळीने लोखंडी लिव्हर असतात. पाच नंबर ओढल्याशिवाय सात नंबर हलत नाही; सात ओढला की पाच परत जात नाही. कुठलं आधी आणि कुठलं नंतर, हे चुकलं तर गाडी उभी राहते. म्हणून जनार्दन बटणाला हात लावण्याआधी खोलीकडे नुसते बघत बसायचे. विभा कंटाळायची. "मतलब, खेळायचं कधी?" असं विचारायची.

"हेच खेळणं आहे," ते म्हणायचे.

सारखा कोंडून घेतो म्हणून त्या काळ्या माणसाचं नाव त्यांनी कोंडिबा ठेवलं. बापलेकीने मिळून कोंडिबाला दहा खोल्यांतून बाहेर काढलं. अकराव्या खोलीत आप्पा एकटेच खेळत होते. त्या दिवशी त्यांना ताप होता आणि ते घरी होते. संध्याकाळी ताप फार चढला, तेव्हा शेजारच्यांनी रिक्षा बोलावली. आप्पांनी खेळ थांबवण्याचं बटण दाबून मला विभाच्या हातात दिलं.

"चालू करू नको हं. बाहेर कसं पडायचं ते मला सुचलंय. आल्यावर दाखवतो."

कोंडिबा शिडीवर उभा होता. हातात किल्ली होती. पेटी उजव्या भिंतीला टेकलेली होती.

जनार्दन चौथ्या दिवशी दवाखान्यातच वारले.

विभाने मला देवांच्या फडताळात ठेवलं. थांबलेला खेळ बंद होत नाही, मित्रांनो. थांबलेला माणूस जागच्या जागी लुकलुकत राहतो. शाळेतून आली की ती फडताळ उघडायची, कोंडिबा शिडीवर आहे ना ते बघायची आणि दार लावून घ्यायची. दीड महिना असा गेला. मग कोंडिबा फिकट व्हायला लागला. आधी त्याचे पाय गेल्यासारखे झाले, मग किल्ली दिसेनाशी झाली. विभा आदर्श नगरच्या घड्याळवाल्याकडे जाऊन आली. तो म्हणाला, "बेटा, हा सेल इथे नाही मिळायचा. मागवावा लागेल. महिना धर." घरी येऊन तिने आईला महिना लागेल एवढं सांगितलं आणि ती फडताळापाशी जाऊन बसली.

ते गिरिजाने पाहिलं.



इथे काही नाही. किती वेळ काही नाही, तेही मला ठाऊक नाही.



इथून पुढचं माझं स्वतःचं आहे.

माझी पहिली आठवण पिठाने भरलेल्या हाताची आहे. तो हात माझ्या पाठीचं झाकण बसवत होता. समोर बाईचा चेहरा होता आणि तो आनंदाने भरला होता.

"विभा, ये गं. बघ तुझा कोंडिबा कसा टवटवीत झाला."

दप्तर पाठीवर असलेली मुलगी धावत आली. तिने मला बघितलं. माझ्या पडद्यावरच्या घड्याळात बारा वाजले होते, गुण शून्य होते, आणि ठळक काळा कोंडिबा पहिल्या खोलीच्या जमिनीवर उभा होता.

"कुठं गेला?" ती म्हणाली.

"हा काय उभा आहे."

"हा पहिल्या खोलीतला आहे, आई. अकराव्यातला कुठं गेला?"

गिरिजाला प्रश्न कळला नाही. तिच्या दृष्टीने माणूस एकच होता.

"तू सेल काढलेस?"

"गच्चीवर उन्हात ठेवले होते, मिरच्यांच्या ताटात. आपण टॉर्चचे ठेवतो तसे. मरायला टेकलेला सेल उन्हाने उठतो, तुला माहीत नाही का? घड्याळवाला महिना म्हणाला, तोवर हा राहिला नसता."

त्या घरात सेल टाकून देत नसत. टॉर्चचे, रेडिओचे, सगळे सेल जयपूरच्या उन्हात एक दिवस तापून आणखी आठवडाभर चालायचे. गिरिजाने जे सगळ्या सेलांना केलं तेच माझ्या सेलांना केलं. आणि ते उठलेही; माझी भूक टॉर्चपेक्षा फार कमी, म्हणून आठवड्याऐवजी काही महिने पुरले. पण सेल निघाले की मी सगळं विसरतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सोळा खोल्या माझ्या अंगात कोरलेल्या आहेत, त्या जात नाहीत. कोण कुठवर आलं होतं, एवढंच पुसलं जातं.

"तू त्यांना पुसलंस," विभा म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर गिरिजाला सोपं गेलं असतं.

त्यानंतर विभा आईशी बोलेना. जेवायची, शाळेत जायची, पण निरोप असला तर शेजारच्या मीराबाईंमार्फत द्यायची.

"काकू, आईला सांगा, मला डबा नको."

"आई तिथे दोन हातांवर बसली आहे. मी काय पोस्टमन आहे का गं तुमच्या घरातली?"

"सांगा ना."

"गिरिजा, तुझी लेक म्हणते डबा नको. आणि मी म्हणते, द्या तो डबा मला. वांग्याचा वास येतोय."

मग मीराबाईंनी विभाला बाहेर ओट्यावर नेलं आणि काय झालं ते विचारलं. तेव्हा विभाने पहिल्यापासून सगळं सांगितलं. शिडी, किल्ली, उजव्या भिंतीची पेटी, आणि आप्पांचं ते शेवटचं वाक्य. मी फडताळात होतो. माझा सगळा भूतकाळ मी त्या दुपारी ऐकला. दाराआडून गिरिजाही ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी विभा शाळेत गेल्यावर गिरिजाने हात पुसले आणि मला बाहेर काढलं.

मित्रांनो, इतकं वाईट मला आजवर कुणी खेळलं नाही. पहिल्या खोलीत तिने कोंडिबाला एकवीस वेळा पाडलं. उडीचं बटण दाबताना ती स्वतःच खुर्चीवरून उठायची. "अरे, तिकडं नाही रे बाबा, तिकडं कशाला मरायला गेलास," असं त्याला सांगायची. माझी बटणं कणकेने बुजली. तिने ती हेअरपिनने कोरून काढली. पण रोज शाळेच्या वेळात, भांडी झाली की ती बसायची. दुसरी खोली. चौथी. सातव्या खोलीत आठ दिवस गेले. पुढे तीही बटणाला हात लावण्याआधी नुसती बघत बसायला लागली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

अकराव्या खोलीत पोचल्यावर तिने बाहेर पडायचा प्रयत्नच केला नाही. पेटी उजव्या भिंतीला नेऊन टेकवली, किल्ली घेतली, शिडीवर आली आणि खेळ थांबवला.

विभा आल्यावर तिने मला तिच्यापुढे धरलं.

"घे. जिथं होते तिथं ठेवलंय."

विभाने बराच वेळ बघितलं. मग ती आईशी पहिल्यांदा बोलली. "पेटी अजून टेकायला हवी का? नाही. बरोबर आहे."

आता तिला एकच गोष्ट हवी होती. आप्पांना सुचलेली वाट. या जागेवरून त्यांनी ती बघितली होती, म्हणजे ती इथूनच दिसायला हवी. तिने कोंडिबाला चालू केलं. दार डाव्या बाजूला उंचावर आहे. तिथे उडी पोचत नाही. ती उडी मारायची, परत शिडीवर यायची, पुन्हा बघत बसायची. तीन दिवस.

मला उत्तर माहीत होतं. मला बनवणाऱ्याने ती खोली तशीच कोरली आहे. दाराखाली पेटी ठेवून तिच्यावरून चढायचं असतं. आणि भिंतीला टेकलेली पेटी पुन्हा निघत नाही.

तिसऱ्या दिवशी तिने मला मांडीवर ठेवलं.

"आई, इथून वाटच नाही."

गिरिजा पोळ्या लाटत होती.

"आप्पांना माहीत असणार," विभा म्हणाली. "ते लिव्हरवाले होते. त्यांना पेटी टेकल्याबरोबर कळलं असणार. सुचलंय म्हणून का सांगितलं मग?"

"मलाही सांगितलं होतं," गिरिजा म्हणाली. "रिक्षात बसताना. सोमवारी ड्यूटीवर जातो, डबा तयार ठेव. अंगाला हात लाववत नव्हता, एवढा ताप."

"तुला खरं वाटलं?"

"नाही."

"मग तू काय केलंस?"

"डबा घासून ठेवला."

विभा रडली. दीड महिना आणि वर इतके दिवस ती रडली नव्हती, असं मीराबाई नंतर म्हणाल्या. गिरिजा तिच्याजवळ येऊन बसली, हात पिठाचे असल्यामुळे कोपराने तिला जवळ घेतलं.

अडकलेल्या कोंडिबासाठी माझ्यात एक सोय आहे. दोन्ही बाजूंची बटणं एकदम दाबली की तो खाली बसतो, नाहीसा होतो, आणि खोली पहिल्यापासून सुरू होते. विभाने डावं बटण दाबून धरलं. उजवा अंगठा बटणावर ठेवला, पण तो दाबला जाईना.

उजवं गिरिजाने दाबलं.

त्याला दोन महिने झाले. मायलेकींनी अकरावी खोली सोडवली, बारावी सोडवली, आता तेराव्या खोलीत आहेत. गिरिजाला रेल्वेत नोकरी लागली आहे. त्यामुळे माझी पाळी रविवारी येते, बाकी दिवस मी फडताळात असतो. उन्हाने दिलेला जोर ओसरला. कोंडिबा पुन्हा फिकट दिसतो. काल घड्याळवाल्याने विभाला सांगितलं की महिना केव्हाच उलटला तरी मागवलेले सेल यायला अजून वेळ आहे, आणि मेलेले सेल आत राहिले तर ते गळून खेळ कायमचा कुजतो.

"काढले तर तेरावी खोली जाईल," गिरिजा म्हणाली.

"जाऊ दे. वाट पाठ आहे."

"नक्की काढू? आधी विचारते आहे बरं का."

"काढ."

मित्रांनो, पोळ्या झाल्या की गिरिजा येईल. त्यानंतर मला ही माणसं माहीत नसतील. म्हणून माझं मागणं आत्ताच सांगून ठेवतो. तुमच्याही घरी कुणाच्या हातून एखादी जपलेली गोष्ट जाईल. तेव्हा त्या माणसाला एवढंच विचारा, की तू काय वाचवायला गेला होतास. आणि उत्तर मिळेपर्यंत त्याच्याशी बोलणं सोडू नका.

चुलीपाशी पोळपाटावर लाटणं ठेवल्याचा आवाज आला. ती हात धुते आहे.