वरच्या पट्टीतले नाव

मित्रांनो, डमडमच्या एका घरात खिडकीपाशी बसलेला मी एक जुना संगणक आहे. चांदनी मार्केटमधल्या दुकानात सुटे भाग जोडून मला उभे केले आणि मनोहररावांनी मला घरी आणले. खिदिरपूरच्या गोदीतली कस्टमची नोकरी संपल्यावर ते तिथल्या जहाजांवर आणि माणसांवर मराठीत पुस्तक लिहू लागले होते.

एकदा छापलेली पाने पंख्याच्या वाऱ्याने घरभर उडाली. कोणते आधीचे, कोणते नंतरचे, काही कळेना. ते आणि त्यांच्या पत्नी विनीताबाई जमिनीवर बसून पाने जुळवत राहिले. तेव्हा त्यांची मुलगी यामिनी म्हणाली, "बाबा, हेडर-फूटर घाला ना. वर नाव, खाली पानाचा आकडा. एकदाच लिहायचं, मग प्रत्येक पानावर आपोआप येतं."

तिने ते करून दिले. मनोहरराव उगाच कोरी पाने उघडून आपले नाव बघत बसले. "गुणी आहे हो हा!" असे म्हणून त्यांनी माझ्यावर थाप मारली.

पुढच्या हिवाळ्यात, एक प्रकरण अर्धे असताना, ते हृदयविकाराने गेले. माझ्यावर कापड पडले. कित्येक महिने मला कोणी सुरू केले नाही. मला त्याचे वाईट वाटले असे म्हणवत नाही. काहीच वाटले नाही.

मग एका दुपारी विनीताबाईंनी कापड काढले. अर्धे प्रकरण वाचले. रडल्या नाहीत. त्याखाली सावकाश लिहू लागल्या: नव्याने लग्न होऊन त्या या शहरात आल्या तेव्हाचे, बंगाली कळत नसतानाचे. पान भरले, नवे पान आले, आणि वर मनोहररावांचे नाव उमटले. त्यांचा हात कळांवरून उचलला गेला. त्या दिवशी पुढे काही लिहिले नाही.

रविवारी यामिनी न्यू टाउनहून आली.

"अगं, हे मी लिहिलंय. वर बाबांचं नाव कसं?"

"ते आपोआप येतं, आई. पुसू?"

"पुसलं तर त्यांच्या पानांवरचंही जाईल?"

"आत्ता पुसलं तर सगळीकडचं जाईल. आधी इथून वेगळा विभाग करावा लागेल, मागच्याशी जोडणी तोडावी लागेल. मग तुझ्या पानांवर तुझं नाव."

विनीताबाईंनी मागे जाऊन त्यांच्या शेवटच्या पानावरचे नाव एकदा वाचले. "कर," त्या म्हणाल्या.

त्यांच्या पानांवर 'विनीता' आले. मागच्या पानांवर 'मनोहर' तसेच राहिले.

"खालचे आकडे? एकपासून सुरू करू?"

"नको. त्यांच्या पुढेच चालू देत."

आता त्या रोज थोडे लिहितात. चेहरा कोराच असतो, पण लिहितात. मित्रांनो, मी फार दिवस टिकणार नाही. माझ्यासारखे जुने यंत्र भंगारात देण्याआधी एकदा सुरू करून बघा. आत कोणाचे तरी लिहिणे अर्धे राहिले असेल.