निळ्यातला फरक

छापखान्यात त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. खिशात भिंग आणि नजरेत संशय घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. पुस्तकाच्या मुखपृष्ठाचे रंग मूळ चित्राशी जुळतात की नाही, हे तपासून सही करायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. गेले सहा महिने मात्र मशीनमनशी त्यांचं रोज वाजत होतं. निळा मळकट येतो, याने शाईत काहीतरी कालवलंय, असं काकांचं म्हणणं. मशीनमन त्यांच्यासमोर सीलबंद डबा फोडायचा, तरी काका मान हलवायचे. "मी सही करून पाठ फिरवली की हा काहीतरी उद्योग करतो," असं ते घरी सांगायचे.

अशातच मालकांनी त्यांना आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायला सांगितलं. त्यातही काकांना काळंबेरं दिसलं. पण घरी रंग तपासायचे तर चांगला मॉनिटर हवा. लेक गाड्यांच्या शर्यतीचा गेम स्पर्धेत खेळायची, तिलाही नवा हवाच होता. दोघांना चालेल असा एकच घेऊ, असं ठरलं.

दुकानात मॉनिटरचा कोपरा एक चाळिशीतली बाई सांभाळत होती. "कशासाठी हवाय?" तिने विचारलं.

"तुम्ही आधी दाखवा," काका म्हणाले. कारण कळलं की ही किंमत चढवणार, याची त्यांना खात्री होती.

"बाबांना छपाईचे रंग बघायचेत, मला गेम खेळायचाय," लेकीने एका दमात सांगून टाकलं. काकांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

"मग हा पहिला तुझा," बाई लेकीला म्हणाली. "सेकंदाला दोनशे चाळीस वेळा चित्र बदलतो. गाडी वळताना पुसट होत नाही. रंग ठीकठाक. आणि काका, हा दुसरा तुमचा. रंग अगदी खरे. वेग कमी, पण तुमचं मुखपृष्ठ कुठे पळून जाणार आहे?"

"आणि तो तिसरा? तो का नाही दाखवत?"

"तो दोन्हींत चांगला आहे, महागही आहे. पण तुमच्या कामात सॉफ्टवेअरच्या कडेच्या पट्ट्या दिवसभर एकाच जागी राहणार. कालांतराने त्यांचा डाग पडद्यावर उमटू शकतो. तुम्हाला मी तो देणार नाही."

महाग माल नको म्हणणारा दुकानदार काकांनी आजवर पाहिला नव्हता. इथे नक्की पाणी मुरत होतं. त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्यात निळ्याच्या दहा पट्ट्या होत्या, प्रत्येक पट्टी आधीच्यापेक्षा किंचित गडद. त्यांनी त्या दोन्ही पडद्यांवर लावल्या आणि भिंग काढून नाक टेकवलं. दोन्हीकडे शेवटच्या चार पट्ट्या एकजीव दिसत होत्या.

"एकच माल, दोन खोकी!" काका गरजले. "लेबलं तेवढी वेगळी!"

"बाबा, या दुसऱ्यावर तर दहाच्या दहा दिसतायत," लेक म्हणाली. "पहिल्यावर शेवटच्या दोन मिसळतात, एवढंच."

काकांनी आवाज खाली आणला. "तू आधी येऊन गेलीस का इथे? हिने तुला काय पढवलंय?"

लेकीचा चेहरा पडला. ती बाजूला जाऊन उभी राहिली.

काकांनी दोन्हींच्या केबली अदलाबदल करून पाहिल्या, कोपऱ्यातले दिवे बंद करायला लावले. बाईने सगळं करू दिलं. शेवटी त्यांनी माउस घ्यायला आलेल्या एका अनोळखी म्हातारबांना धरून आणलं. म्हातारबांनी दुसऱ्या पडद्यावरच्या पट्ट्या बोटाने मोजल्या. दहा.

"काका," बाई हळूच म्हणाली, "एकेक डोळा झाकून बघता का?"

काकांनी डावा झाकला. सगळ्या पट्ट्या जुन्या कागदासारख्या पिवळट झाल्या. उजवा झाकला, तेव्हा थोड्या सुधारल्या. त्यांनी पुन्हा झाकून पाहिलं. मग पुन्हा.

"माझ्या आईचं असंच झालं होतं," बाई म्हणाली. "धोबी पांढऱ्या चादरी पिवळ्या करून आणतो म्हणून वर्षभर भांडली. मोतीबिंदू निघाला."

काकांनी भिंग खिशात ठेवलं. मग डोळे बारीक करून म्हणाले, "तुमच्या नात्यात कुणी डोळ्यांचा डॉक्टर आहे का?"

काही न घेताच ते बाहेर पडले. रस्त्यात त्यांनी लेकीला एवढंच विचारलं, "खरंच दहा होत्या?" तिने मान डोलावली. तिचा हात त्यांनी घरापर्यंत सोडला नाही.

ते दोन डॉक्टरांकडे गेले, एकाचं दुसऱ्याला न सांगता. दोघांनीही तेच सांगितलं: दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त.

दुसऱ्या दिवशी ते मशीनमनपुढे जाऊन उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. मशीनमन हात पुसत राहिला.

"मला अंदाज आला होता," तो म्हणाला. "तुम्ही निळा वाढव वाढव म्हणायचात. सही करून गेलात की मी तो परत उतरवायचो. नाहीतर सगळी मुखपृष्ठं जांभळी गेली असती."

"म्हणजे माझ्यामागे तू करतच होतास!"

"करत होतो. मालकांना सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हाला घरी बसवलं असतं. आणि तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही ऐकलं असतं?"

काका तिथल्याच स्टुलावर बसले. मशीनमनने यंत्र बंद केलं आणि त्यांना पाणी आणून दिलं. मालकांना मात्र काकांनी त्याच दिवशी स्वतः जाऊन सांगितलं. मालक म्हणाले, "डोळे बरे करून या. तुमची खुर्ची कुठे जात नाही."

दोन महिन्यांत दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. काकांनी पुन्हा दुकान गाठलं, पट्ट्या लावल्या, दहा मोजल्या. मग दोघांसाठी एक मोठा घेण्याऐवजी दोन लहान मॉनिटर घेतले, स्वतःला खऱ्या रंगांचा, लेकीला वेगाचा.

त्या संध्याकाळी लेक शर्यत खेळत होती. काका मागे येऊन उभे राहिले.

"या बाकीच्या गाड्या खरी माणसं चालवतात, हे कशावरून?"

लेकीने हसून हेडफोन त्यांच्या कानाला लावला. पलीकडून शर्यतीतलीच कुणी मुलगी घाईघाईत विचारत होती, "अगं, आवाज कसला? बाबा आहेत का?"

"हो," काका चाचरत म्हणाले, "बाबाच आहे." आणि खुर्ची ओढून ते लेकीच्या शेजारी बसले.