कच्च्या प्रायमरवरचा हिरवा

सोल्वेगनं गाडीतून डबा उतरवला आणि ओसरीत बसल्या बसल्याच आर्डेननं ओळखलं, की बाईनं भलतंच आणलंय. त्यानं सांगितलं होतं ते दोन डब्यांचं, एकात रंगाखाली मारायचा राखाडी प्रायमर आणि दुसऱ्यात तो टणक करणारा हार्डनर. हिच्या हातात एकच डबा होता, झटपट वाळणाऱ्या प्रायमरचा.

"परत दिऊन ये," तो म्हणाला.

तेवढं बोलायलाही त्याला मध्येच दम घ्यावा लागला. नाकात नळी होती आणि खुर्चीशेजारी चाकांवर ऑक्सिजनची टाकी. उभी हयात गव्हाच्या कोठ्यांत उतरून बुरसलेलं धान्य फावड्यानं ओढण्यात गेली. त्या धुळीनं छाती आतून पार चामड्यासारखी करून टाकली होती. पुढचा उन्हाळा धरून चालू नका, असं डॉक्टरनं सोल्वेगला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आर्डेननं ते न ऐकताच ओळखलं होतं.

सोल्वेगनं डबा पायरीवर ठेवला. गावातल्या रंगाच्या दुकानातला हार्लन काय म्हणाला ते तिनं सांगून टाकलं. हार्लनचं म्हणणं असं, की दोन डब्यांचा माल चांगला, त्यात वाद नाही. पण त्याला ऊब लागते. गारठा पडला की तो आतल्या आत अडून बसतो, वाळतच नाही. आणि यंदा थंडी लवकर उतरायची लक्षणं आहेत. हा झटपटवाला सकाळी मारला तर दुपारी वर रंग देता येतो.

"आनि पानी पितो त्यो," आर्डेन म्हणाला. "वरून रंग झकास दिसतो, आन् खाली पत्रा कुजतो. दोन हिवाळ्यांत पापुद्रे निघत्याल."

"दोन हिवाळं कुनी बघितल्यात?"

बोलून गेली आणि तिनं ओठ दाबले. आर्डेन तिच्याकडं न बघता शेडकडं बघत राहिला.

शेडमध्ये ट्रक उभा होता. आर्डेनच्या बापानं नवा कोरा घेतलेला, गहू वाहायचा दीडटनी. सोल्वेग लग्न होऊन या घरात आली ती त्याच ट्रकच्या पुढच्या बाकावर बसून. मग मोठे ट्रक आले आणि हा झाडांच्या रांगेमागं जाऊन पडला. फळ्यांतून गवत वर आलं. डॉक्टरनं आर्डेनला शेतात पाऊल टाकायची बंदी केली, जमीन त्याचा भाऊ लाइल करायला लागला, तेव्हा आर्डेननं हा ओढून आणला. इंजिन त्यानं स्वतः उघडून बसवलं. मागच्या हौद्याला नव्या पाइनच्या फळ्या घातल्या. पत्र्याचं काम निघालं तोवर दम संपला होता. मग तो उलट्या बादलीवर बसून सांगायचा आणि सोल्वेग करायची. गंज घासून काढायची, खड्ड्यांत पुट्टी भरायची, ती वाळली की पुन्हा घासायची. तिच्या बोटांची सालटं निघाली होती.

लाइल म्हणायचा, गावातल्या गॅरेजात देऊन टाका, चार दिवसांत चकाचक करून देतील. आर्डेननं ते मनावर घेतलं नाही. आणि कशासाठी एवढा खटाटोप, ते त्यानं एकदाच सांगितलं होतं, जेवणाच्या टेबलावर, कॉफीत साखर ढवळता ढवळता. चर्चच्या दफनभूमीपर्यंत त्याला त्या काळ्या लांबड्या गाडीतून जायचं नव्हतं. त्याला ह्या हौद्यातून जायचं होतं.

आता सोल्वेगचं म्हणणं एवढंच होतं, की ज्यातून जायचं ते त्यानं डोळ्यांनी बघावं. हिरवा, बापाच्या वेळचा गडद हिरवा, उन्हात उभा.

"मग तर नीटच पायजे," आर्डेन म्हणाला. "म्या गेल्यावर ट्रक काय मरनार न्हाई. तू चालीवशील. गंजका माल तुझ्या गळ्यात बांधून जाऊ?"

ती डबा घेऊन पुन्हा गावात गेली. पण परत दिला नाही. दोन डब्यांचा प्रायमर घेतला आणि पहिला डबा गाडीच्या डिकीत तसाच राहू दिला. का, ते तेव्हा तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं.

सप्टेंबर सरता सरता तिनं रंग फवारायची गन हातात घेतली. आर्डेनला शेडच्या आसपास फिरकायची सोय नव्हती. टाकीतला ऑक्सिजन आणि रंगाची वाफ, एक ठिणगी पुरली असती. तो झोपायच्या खोलीच्या खिडकीत बसला. सोल्वेगनं तोंडाला मास्क बांधला, सगळा पत्रा थिनरनं पुसून काढला आणि राखाडी फवारा मारत गेली. चांगला बसला. ओलाओला, सपाट, भेगा-खड्डे झाकणारा. फक्त ड्रायव्हरच्या बाजूचं दार राहिलं होतं. त्याचा खालचा काठ गंजानं खाल्लेला, त्याला नवी पट्टी डागायची होती.

त्याच आठवड्यात कॅनडाकडून वारा सुटला आणि थांबेनाच. सकाळी गुरांच्या पाण्यावर बर्फाची साय धरायला लागली. सोल्वेगनं शेडमध्ये तेलाची शेगडी लावली, पण पत्र्याच्या भिंतींतून ऊब जिथल्या तिथं पळून जायची. प्रायमरला बोट लावलं की ठसा उमटायचा. शेजारच्या तुकड्यात लाइलनं सूर्यफुलाची मळणी काढली, तो भुसा फटींतून आत आला आणि ओल्या अंगावर चिकटून बसला. राखाडी ट्रकवर जणू खरूज उठली.

लाइल येऊन बघून गेला. ताडपत्री घालून ठेवा, म्हणाला, मे महिन्यात ऊन तापलं की घासून रंग द्या.

"मे मधी करू," आर्डेननंही मान डोलावली.

सोल्वेग बशा विसळत होती. तिनं मागं वळून बघितलं नाही.

ऑक्टोबरात मध्येच एक-दोन दिवस उघडीप पडली. आर्डेन दिवसाचा बराच वेळ झोपूनच असायचा. सोल्वेगनं ते राहिलेलं दार उचललं आणि कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात नेलं. ती जागा एवढीशी, दोन दिवे लावले की गरम व्हायची. पट्टी तिनं आधीच लाइलकडून डागून घेतली होती. तिनं डिकीतला डबा काढला. सकाळी झटपट प्रायमर मारला, दुपारी हिरवा. दुसऱ्या दिवशी उन्हात दार भिंतीला टेकवलं, तेव्हा तिला स्वतःलाच गलबलून आलं. हिरव्यात आभाळ दिसत होतं.

आर्डेनला तिनं टाकीसकट अंगणात आणलं. वीस पावलांची वाट, तीन ठिकाणी बसत बसत. तो दारापुढं उभा राहिला. मग वाकला, खालच्या काठाशी, जिथं नवी पट्टी होती तिथं अंगठ्याचं नख लावलं.

"प्रायमर कोंचा मारलास?"

"तू सांगितलास त्योच."

त्यानं तिच्याकडं बघितलं. डोळे पाणावलेले होते, पण वारंही होतंच.

"रंग बराबर हाय," तो म्हणाला. "आमच्या बापाचा ह्योच हुता."

घरात आणून तिनं त्याला खुर्चीत बसवलं. घोंगडी पांघरताना त्याचा हात हातात घेतला, तर अंगठ्याच्या नखात हिरवा पापुद्रा अडकलेला. चांगला नखाएवढा. तिनं तो काढून घेतला. त्यानं हात तिच्या हातात तसाच राहू दिला. सोल्वेग सैपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

आर्डेन नोव्हेंबरात गेला. शेवटचे दिवस त्याला बोलता येत नव्हतं, नुसता श्वास मोजायचं काम.

लाइलनं काळ्या गाडीचं बोलून ठेवलं होतं. तो म्हणाला, "वैनी, ट्रकची काय दशा हाय बघ. भुसा चिकटलाय अंगावर, एकच दार हिरवं. लोक काय म्हनत्याल?"

"म्हनू देत. त्यानं सांगून ठेवलंय."

दार तिनं आणि लाइलनं मिळून बसवलं. पाइनच्या फळ्यांवर पेटी ठेवली, दोरांनी आवळली. सोल्वेगनं स्वतः ट्रक हाकला. वाटेवर बर्फमिश्रित पाऊस लागला, आडवा, सुईसारखा टोचणारा. चर्चपाशी माणसं टोप्या काढून उभी होती. कुणी हसलं नाही. पाद्रीबाबांनी फक्त एकदा त्या हिरव्या दाराकडं बघितलं आणि प्रार्थना सुरू केली. जमीन वरून गोठली होती, पहिली ढेकळं पेटीवर दगडांसारखी वाजली.

मे महिन्यात ऊन तापलं. लाइल मदतीला आला. राखाडी प्रायमर हिवाळाभर अडून बसला होता, तो आता उबेनं दगडासारखा टणक झाला होता. भुसा घासून काढला तर खाली पत्रा साबूत, कुठं डाग नाही. पुन्हा सगळीकडं खरखरीत करून घेतला की रंग धरणार होता.

सोल्वेग दाराकडं वळली तेव्हा लाइलनं तिला थांबवलं. ते राहू दे, म्हणाला, आर्डेननं डोळ्यांनी बघितलेलं तेवढंच हाय.

सोल्वेगच्या हातात रंग खरवडायचं पातं होतं.

"त्याला कळलं हुतं, भावजी," ती म्हणाली. "माझं मन मोडू नये म्हनून बराबर हाय म्हनला. मरता मानूस माझ्यापायी खोटं बोलला."

लाइल पाण्याची बादली आणायला गेला.

तिनं काठाशी पातं लावलं. जोर लावावाच लागला नाही. हिरवा लांबच लांब पट्ट्यांनी सुटून आला आणि तिच्या बुटांवर पडत गेला. खाली पत्रा तांबूस झाला होता, एकाच हिवाळ्यात. दुपारपर्यंत तिनं गंज घासून पांढरा पत्रा वर आणला. थिनरनं पुसला. प्रायमर-हार्डनरचे दोन्ही डबे उघडून मापानं कालवले. लाइल म्हणत होता जेवून घे, मग बघू. तिनं नकारार्थी मान हलवली आणि मास्क चढवला. उघडा पत्रा तिला रात्रभर ठेवायचा नव्हता.